एका घराला एकच नंबर

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा पहिला नियम असा की एका घराचा एकच नंबर, आणि तोही घरमालकाचा. नियम कुठं लिहिलेला नव्हता. प्लॉट नंबर एकमध्ये राहणारे निवृत्त अधिकारी ग्रुपचे अ‍ॅडमिन झाले आणि वही घेऊन घरोघर नंबर गोळा करत फिरले. दार उघडणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी एकच विचारलं, "साहेब आहेत का घरी?" आमच्याही दारात विचारलं. मी म्हटलं, हे शिफ्टला गेलेत, माझा नंबर घ्या. त्यांनी वही मिटली आणि हसून म्हणाले, "लेडीजचे नंबर नकोत वहिनी. चाळीस जणांच्या मोबाईलमध्ये जाणार. उगाच कुणी काही पाठवलं तर?" संध्याकाळी परत येऊन ते माझ्या नवऱ्याचा नंबर घेऊन गेले.

चाळीस घरांतल्या चाळीस पुरुषांचा त्यांना एवढाच भरवसा असेल, तर त्या चाळिसांना तरी ग्रुपमध्ये कशाला घेतलं, हे मला तिथल्या तिथं सुचलं होतं. पण तोवर ते पुढच्या दारात पोचले होते. ते बोलायचं राहिलं म्हणून मी आजही चरफडते.

शहर तेव्हा बीड बायपास ओलांडून पलीकडं पसरत होतं. ज्या रानात मागच्या हंगामात तुरी उभ्या होत्या तिथं चुन्याच्या रेघा पडायच्या, रेघांवर भिंती यायच्या आणि भिंतींमागोमाग माणसं. पाण्याची लाइन तेवढी येत नव्हती. पहिल्या वर्षी बोअरला पाणी होतं. दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, बोअरमधून आधी गाळ आला आणि मग नुसती हवा. तिसऱ्या वर्षी जायकवाडीत मृतसाठा उरला, तेव्हा शहराच्या आतल्यांनाच आठ-आठ दिवसांनी पाणी मिळत होतं, आम्हाला कोण विचारतो. आमचं सगळं टँकरवर. आणि टँकर कधी येणार, कुणाच्या हौदात आधी रिकामा होणार, हे सगळं त्या ग्रुपवर ठरायचं. टँकर यायचा तेव्हा घरात बायका असायच्या. ठरवणारे कंपनीत, नाहीतर ऑफिसात.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी करमाडजवळच्या एका खेड्यातली, दहावीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर शहरात आले ते साड्यांना फॉल-पिको करत. मग गुलमंडीतून कापडाचे गठ्ठे उचलून ब्लाउजपीस विकायला लागले. गुलमंडीतले व्यापारी मला येताना बघून आधी चहा सांगायचे, कारण आता तासभर उठता येणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं. माझा आवाज मोठा आहे, राग लवकर येतो आणि सौदा अर्ध्यात सोडणं मला जमत नाही. आमचा प्लॉटही मीच ठरवला. प्लॉटवाल्याच्या ऑफिसात तीन दिवस जाऊन बसले होते. पैसे माझ्या ब्लाउजपीसचे होते, म्हणून खरेदीखत माझ्या नावावर झालं.

त्यावरून घरात एक सौदा झाला होता. नवरा शेंद्र्याच्या एका कंपनीत मशीनवर कामाला होता. माणूस शांत, सरळ. त्यानं एवढंच म्हटलं, "खत तुझ्या नावावर कर. पण दारावरची पाटी माझ्या नावाची लाव, आणि खताचं कुणाला सांगू नको. गावात तर नाहीच." मला त्यात तोटा दिसला नाही. मी शब्द दिला. दारावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागली, चार स्क्रूंवर, सोनेरी अक्षरांत त्याचं नाव. कॉलनीत सगळ्यांच्या लेखी घरमालक तो. चार वर्षं मी कुणाजवळ बोलले नाही.

त्याच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नसत, गेटवर जमा करावा लागायचा. एकदा गर्दीत त्याचा मोबाईल बदलला गेला, तेव्हापासून तो साधा बटणांचा फोन घेऊन जायचा आणि स्मार्टफोन घरी ठेवायचा. सुरुवातीला मी ग्रुपवरचं नुसतं वाचून ठेवत असे आणि तो आला की सांगत असे.

पहिला मेसेज मी लिहिला तो रागात. टँकर आला, हौदात पाइप सोडला, आणि दहा मिनिटांत ड्रायव्हर पाइप गुंडाळायला लागला. पाच हजार लिटर एवढ्यात रिकामे होत नाहीत. मी विचारलं तर तो म्हणाला, "मालकाला सांगा फोन करायला, बायांशी कोण घोळ घालतंय." मी आत गेले, फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं की टँकर अर्धा येतो, आजपासून झाकण उघडून बघितल्याशिवाय मी पाइप लावू देणार नाही. वर नाव नवऱ्याचं, शेजारी फोटो नवऱ्याचा.

तासाभरात अकरा अंगठे आले. कुणी लिहिलं, एकदम बरोबर. कुणी लिहिलं, कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. खुद्द अ‍ॅडमिननी लिहिलं, "अशा रोखठोक माणसांची कॉलनीला गरज आहे." आठवड्यापूर्वी हेच मी रस्त्यावर उभी राहून बोलले होते, तेव्हा याच गृहस्थांनी गॅलरीतून बघून आपल्या बायकोला हाक मारली होती की आत ये, सतरा नंबरवालीचं सुरू झालं.

त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याला मी सगळं वाचून दाखवलं. तो हसला. "चांगलं लिहिलंय की मी," म्हणाला. मग मी लिहीतच गेले.

त्याच्यासारखं लिहायला शिकायला मला दोन दिवस लागले. कमी लिहायचं. कारण द्यायचं नाही. 'माफ करा पण' असं सुरू करायचं नाही. हसरे चेहरे टाकायचे नाहीत. फोटोही बदलला. आधी तिथं त्याचा आयकार्डवरचा घाबरलेला फोटो होता. वेरूळला कैलास लेण्यापुढं आम्हा दोघांचा एक फोटो होता, त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा, छाती पुढं. मी त्यातून स्वतःला कापलं आणि तो लावला. त्याच्या खांद्याजवळ माझ्या पदराचा हिरवा काठ थोडासा राहिला होता, तो जाता जाईना. राहू दिला.

गल्लीतल्या बायकांना आठवड्यात कळलं. प्लॉट अठराची शेजारीण पहिली. तिचा नवरा इंजिनियर, सासरे पूर्वी कचेरीत, घर शिकलेलं, ती स्वतः एम.ए. तिच्या डीपीवर गुलाबाचं फूल होतं आणि फेसबुकवर ती मुलाच्या नावानं होती. मी एकदा विचारलं, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, फूल कशाला? तिनं सांगितलं की लग्नानंतर पहिल्या वर्षी स्वतःचा फोटो लावला होता. नणंदेच्या लग्नात मामेसासऱ्यांनी पंगतीत चारचौघांत विचारलं, "सूनबाई, फोटो कुणाला दाखवायला टाकलाय?" सगळे हसले, नवराही हसला. घरी आल्यावर तिनं फूल लावलं. "कुणी काढायला सांगितलं नाही हो," ती म्हणाली, "तेच तर." मग बाकीच्यांचं बघायला लागले. कुणाच्या डीपीवर लेकरू, कुणाच्या महादेवाची पिंड, कुणाच्या नवऱ्याची मोटारसायकल. आमच्या गल्लीत एका बाईचा चेहरा मोबाईलमध्ये सापडला नसता.

ती शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "तुमच्या ह्यांना लिहायला सांगा ना, आमच्याकडं सलग दोनदा टँकर चुकला." दोघींनाही माहीत असायचं की 'हे' आत्ता भांडी घासतायत. मग दुसऱ्या बायकाही यायला लागल्या. मी लिहायचे, त्यांचे नवरे ऑफिसात बसून अंगठे दाखवायचे. एकीनंही घरी सांगितलं नाही. चाळीस घरांत, सबंध उन्हाळाभर.

फेब्रुवारी संपताना अ‍ॅडमिननी ग्रुपवर ठराव टाकला की टँकरवाल्याशी बोलणी आता सतरा नंबरनं करावी. टँकरवाला करमाडकडचाच होता, त्याची विहीर टिकून होती आणि तीन गाड्या होत्या. त्याच्याशी मी पंधरा दिवस मोबाईलवर झुंजले. तो मला शेठ म्हणायचा.

"शेठ, पूर्ण भरून देतो, इस्वास ठेवा," त्यानं लिहिलं.

"विश्वास ठेवतो. काठी पण ठेवतो," मी लिहिलं.

"काठी कशाची?"

"झाकण उघडायचं, काठी बुडवायची, खुणेपर्यंत ओली झाली तर पाइप. नाही झाली तर गाडी परत."

"ड्रायव्हर लोकं येणार नाय शेठ असं केल्यावर. लई वेळ जातो."

"मग चाळीस घरं दुसऱ्याकडं जातील. त्याचा पण वेळ वाचेल, तुमचा पण."

तो दोन दिवस गप्प बसला. मीही गप्प बसले. गुलमंडीत मी हेच शिकले होते, की आपण दुकानाची पायरी उतरल्यावर मागून हाक येते ती खरी. तिसऱ्या दिवशी हाक आली. ठरलं ते असं: काठी बुडवल्याशिवाय पाइप नाही, गाडी दहा ते बारामध्येच येणार, आणि आमची गाडी मधेच दुसऱ्या कॉलनीला वळवायची नाही. बांबूची काठी मी आणली, भरलेल्या टँकरचं माप घेऊन तिच्यावर नेलपॉलिशनं लाल खूण केली, कारण पेनची खूण पाण्यानं जाते. रोज एक बाई शिडीवर चढायची आणि काठी बुडवायची. त्या दोन महिन्यांत कमी भरलेल्या एकाही गाडीला पाइप लागला नाही. ग्रुपवर नवऱ्याला 'वाघ' म्हणायला लागले. कंपनीच्या बसमध्ये लोक त्याला खिडकीजवळची जागा द्यायचे.

आणि बसमध्येच ते फुटलं.

प्लॉट नऊमधला एक जण त्याच कंपनीत होता. पहिली शिफ्ट सुटली, त्यानं गेटवरून आपला मोबाईल घेतला आणि बसमध्ये माझ्या नवऱ्याशेजारी बसून उघडला. तेवढ्यात ग्रुपवर सतरा नंबरचा मेसेज आला की सकाळी एक वीत कमी म्हणून परत पाठवलेली गाडी आत्ता पूर्ण भरून आली. त्यानं मेसेज बघितला, मग शेजारी बघितलं. माझा नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. हातात बटणांचा फोन, तोही बंद.

बसमध्ये काय काय बोललं गेलं ते मला त्यानं कधी सगळं सांगितलं नाही. तो घरी आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला नाही. मग म्हणाला, "मला आज विचारत होते, वाघोबा, घरी डरकाळी कोण फोडतं?" मी म्हटलं, विचारू द्या ना, पाणी तर आलं. तो म्हणाला, "तुला पाणी आलं." मग त्यानं मोबाईल उचलून स्वतःच्या डब्याच्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीच्या गेटवर जमा व्हायला लागला.

मी भांडले. माझा स्वभाव लपवायचं कारण नाही, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी भांडले. तो भांडला नाही. त्यामुळं मला जास्तच राग आला.

टँकरवाल्याला आठवडाभर शेठकडून उत्तर गेलं नाही, तेव्हा त्यानं अ‍ॅडमिनना गाठलं. अ‍ॅडमिननी एका फोनमध्ये सगळं सोडून दिलं. गाडी दुपारी चारनंतर, झाकण उघडणं बंद, कारण 'एवढा अविश्वास बरा दिसत नाही'. पहिल्याच आठवड्यात माझा हौद अर्धा राहिला. शेजारणीकडं तिच्या सासऱ्यांना डायलिसिसहून आणलं त्या दिवशी घागरभर पाणी नव्हतं. मी दोन कळशा दिल्या. ती कळशी उचलताना म्हणाली, "तुमच्या ह्यांना सांगा ना." मग तिच्याच लक्षात आलं आणि ती कळशी घेऊन निघाली.

मी पैठण गेटला जाऊन स्वतःचा मोबाईल घेतला. दुकानदारानं विचारलं, नाव काय टाकू, मुलाचं की मिस्टरांचं? मी माझं पूर्ण नाव सांगितलं. त्यानं दोनदा विचारून घेतलं. घरी येऊन मी अ‍ॅडमिनना मेसेज केला की मला ग्रुपमध्ये घ्या. उत्तर मला आलं नाही. ते माझ्या नवऱ्याला गेलं: ग्रुप फक्त घरमालकांचा आहे, कृपया घरी समजावून सांगावे.

रविवारी सकाळी दहाला मंदिराच्या शेडमध्ये बैठक ठरली. टँकरवाला येणार होता, पावसाळा लागेपर्यंतचं पक्कं करायचं होतं. त्यानं अट घातली होती की शेठ समोर हवेत. म्हणजे माझ्या नवऱ्याला जावं लागणार होतं.

आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "बैठकीत तुला काय बोलायचं ते बोल. मी अडवत नाही. खताचं तेवढं काढू नको."

मी म्हटलं, "नाही काढणार."

"शब्द?"

"शब्द."

आणि सकाळी मी खरेदीखताची झेरॉक्स ब्लाउजपीसच्या पिशवीत, कापडाखाली ठेवली. शब्द देऊन कागद बरोबर नेणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी स्वतःला सांगितलं होतं की नुसता जवळ असू दे. सौद्याला जाताना मी कधी रिकाम्या हातानं गेले नाही.

शेडमध्ये पुरुष खुर्च्यांवर होते. बायका मागं खांबांपाशी उभ्या, चहाचा थर्मास आमच्या ताब्यात. टँकरवाला आला, चाळिशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. त्यानं माझ्या नवऱ्याला नमस्कार केला आणि म्हणाला, "बोला शेठ." माझा नवरा चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसला. अ‍ॅडमिन म्हणाले की आता यांच्याऐवजी मी बोलतो आणि त्यांनी चारनंतरची वेळ वाचून दाखवली. मी मागून म्हटलं की वेळ दहाचीच हवी आणि काठी हवी.

"वहिनी, ही घरमालकांची बैठक आहे," अ‍ॅडमिन म्हणाले.

"घरमालक असता तर बोलू दिलं असतं?"

"अर्थात. नियम सगळ्यांना सारखा."

"आणि ग्रुपमध्येही घेतलं असतं?"

"मालकाला कोण अडवणार?" ते हसले. बाकीचेही थोडे हसले.

हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं, चाळीस माणसांसमोर. सवयीनं. समोरच्याला आधी त्याच्याच बोलण्यात बांधायचं, मग आपली वस्तू काढायची. पण वस्तू काढायची नव्हती. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं पहिल्यांदा मान वर केली होती. तो माझ्या हाताकडं बघत होता, पिशवीकडं. त्याला कळलं होतं. त्याला माझे सगळे डाव पाठ आहेत.

मी पिशवी काखेत दाबली आणि थांबले. खरंच थांबले. तेवढ्यावर अ‍ॅडमिन गप्प बसले असते तर कदाचित मी चहा ओतून घरी गेले असते.

ते माझ्या नवऱ्याकडं वळले. आवाज एकदम प्रेमळ केला. "हे बघा, झालं ते झालं. पण पुरुषाच्या नावानं, पुरुषाचा फोटो लावून चाळीस घरांना फसवणं बरं नव्हे. तुम्ही साधे आहात, त्याचा गैरफायदा घेतला गेला. घर तुमचं आहे. आता तरी घरावर लक्ष ठेवा."

फसवणं. जे पाणी दोन महिने त्यांच्या हौदात पडलं ते प्यायला फसवणूक आड आली नव्हती. मी खुर्च्यांच्या मधून पुढं गेले, कागद काढला आणि त्यांच्या वहीवर ठेवला.

"मालकाचं नाव मोठ्यानं वाचा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं नाही. शेजारच्यानं वाकून वाचलं, मग त्याच्या शेजारच्यानं. माझं नाव ओळीनं खुर्च्यांवरून गेलं, हळू आवाजात. कुणी हसलं नाही. प्लॉट नऊवाल्यानं मात्र मान खाली घातली. बसमध्ये एवढी मजा केल्यावर आता त्याला ही आणखी एक मिळाली होती, आणि ती त्याच्यानंही घेववेना.

शेवटी टँकरवाला बोलला. "ताई, मला काठी आली त्या दिसापासून ठावं हाय. शेठ लोकं काठीला नेलपॉलिश लावत नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? शेठशी भांडून हरलो तर बरं दिसतं." मग तो बाहेर पान थुंकून आला आणि म्हणाला, "दहा ते बारा. काठी तुमची. पण बांबू बदला, चिरलाय तो."

अ‍ॅडमिननी तिथंच मोबाईल काढला. त्यांच्याच नियमात ते अडकले होते. माझा नंबर टाकताना त्यांनी विचारलं, नाव काय टाकू. मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पडद्यावर मी वाकून बघितलं, त्यांनी लिहिलं होतं, 'प्लॉट १७ वहिनी'.

त्यावर पुन्हा भांडण काढायच्या आधी मी मागं वळून बघितलं. नवऱ्याची खुर्ची रिकामी होती.

मी घरी पोचले तेव्हा तो स्टुलावर उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर. तीन स्क्रू निघाले होते, चौथा गंजला होता. मी म्हटलं, काय करताय. तो म्हणाला, "सौदा मोडला ना. मग पाटी कशाला?" आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकानं माल परत आणावा आणि दुकानदारानं तो मुकाट्यानं ठेवून घ्यावा, तसं चाललं होतं. मी म्हटलं, दोघांची नावं टाकून नवी करू. अक्षरं तुमची मोठी ठेवू. तो स्क्रू फिरवत राहिला. मी म्हटलं, वर तुमचं, खाली माझं. त्यानं पाटी काढली, पुसली आणि कपाटावर उलटी ठेवली. मी आणखी काय काय देऊ केलं ते मला आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटीच आकडा खाली आणत होते आणि समोरचा बोलीच लावत नव्हता.

मग मी माझ्या नव्या मोबाईलवर ग्रुप उघडला. आधी एक ओळ होती, की मला घेतलं गेलं. तिच्याखाली दुसरी, की त्याचा नंबर ग्रुप सोडून गेला. ओळींच्या शेजारी वेळ होती, दोन्हींच्या मध्ये वीस मिनिटं. म्हणजे शेडमधून घरापर्यंत चालत येऊन, स्टूल काढून, मग त्यानं ते केलं होतं.

तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतं बोलला. चौथ्या आठवड्यात त्याच्या सुट्टीच्या दिवशी टँकर आला, तेव्हा मी काठी घ्यायला गेले तर ती जागेवर नव्हती. तो शिडीवर होता. काठी बुडवून वर काढली, लाल खूण बघितली आणि मला म्हणाला, "लिही, दोन बोटं कमी." मी लिहिलं. गाडी परत गेली. त्यानंतर सुट्टीला काठी त्याचीच. पाटीचा विषय निघाला की मात्र तो उठून जातो. भिंतीवरची चार भोकं त्यानं सिमेंटनं बुजवली आहेत, रंग अजून दिलेला नाही. पार्सलवाले दारात उभे राहून विचारतात, हे घर कुणाचं.

आता पाइपलाइन आली आहे. पाणी आठवड्यातून एकदा येतं, पण येतं. अ‍ॅडमिन अजून तेच आहेत आणि त्यांनी मला आजवर कधी माझ्या नावानं हाक मारलेली नाही. फसवणूक हा शब्द त्यांनी परत घेतला नाही आणि मीही विसरलेले नाही. समोर आले की दोघंही नमस्कार करतो. अठरा नंबरची शेजारीण मागच्या वर्षी ग्रुपमध्ये आली, गुलाबासकट. माझ्या डीपीवर वेरूळचा तो फोटो लावावा असं कधीकधी वाटतं, सबंध, दोघांचा. अजून त्याला विचारलेलं नाही. तोवर तिथं मोबाईलनं दिलेलं करड्या रंगाचं रिकामं डोकं आहे.

कॉलनी वाढतेय. महिन्याला एखादं नवं घर ग्रुपमध्ये येतं, आणि मी पाण्याच्या वेळेवरून काही लिहिलं की नवा माणूस विचारतो, हे कोण? अ‍ॅडमिन लगेच उत्तर देतात, प्लॉट सतरा वहिनी. मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिते. दर वेळी.